तिसरा संपेपर्यंत सांगायचं नाही: पंचवटीतल्या एका घरातला रुबेला

रंगपंचमी झाली की पुढचे चार दिवस आमच्या भागातल्या दवाखान्यांत एकच तक्रार घेऊन पेशंट येतात. डोळे लाल, चेहरा चुरचुरतोय, अंगावर पुरळ. नाशकात धुळवडीपेक्षा रंगपंचमीचं प्रस्थ मोठं. पेशवेकाळापासूनच्या रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे दगडी हौद, उघडतात, त्यांत धप्पा म्हणजे उडी मारायला पोरांची झुंबड उडते आणि रहाडीबाहेरच्या गल्ल्यांमध्ये हाताला लागेल तो रंग फासला जातो. म्हणून २०२४च्या रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, ओळखीतल्या एका काकूंचा फोन आला की धाकट्याच्या तोंडावर बारीक पुरळ उठलंय, तेव्हा मी फोनवरच ॲलर्जीची गोळी सांगून मोकळा झालो. एक दिवस तिथेच गेला. तो माझ्या खात्यावर.

ओळख लागू नये म्हणून घरातले काही तपशील बदलले आहेत. दिवसांचं अंतर आणि तपासण्यांचे निष्कर्ष मात्र जसेच्या तसे आहेत, कारण या प्रकरणात सगळी मेख दिवसांच्या हिशेबात आहे.

चालत जाणारं पुरळ

सोमवारी संध्याकाळी तो स्वतःच आला. वय २७, अंबडच्या एका कारखान्यात कामाला, तब्येतीनं ठणठणीत. आईही सोबत होती. "कालचं तोंडावरचं गेलं सर, पण आता पोटावर न् पाठीवर आलंय," असं तो म्हणाला आणि मला खुर्चीत सरसावून बसावं लागलं. रंगाची ॲलर्जी जिथे रंग लागला तिथे ठाण मांडते, खाजते, सालपटं काढते. ती कपाळावरून निघून दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत चालत जात नाही.

शर्ट काढायला लावला. फिकट गुलाबी, बारीक, सुटंसुटं पुरळ छातीवर आणि पाठीवर. चेहऱ्यावरचं खरोखरच विरत आलेलं. ताप ९९.८. डोळे किंचित लाल, टाळूवर दोन-चार लाल ठिपके. हे ठिपके रुबेला या विषाणूजन्य आजारात दिसतात, पण इतर विषाणूंतही दिसतात, त्यामुळे त्यावर फार भिस्त ठेवू नये. खरी खूण बोटांना लागली ती कानांच्या मागे आणि मानेवर, केस संपतात तिथे. वाटाण्याएवढ्या, दाबल्यावर दुखणाऱ्या गाठी, दोन्ही बाजूंना. "हे कधीपासून?" विचारलं तर म्हणाला, चार-पाच दिवसांपूर्वी सलूनमध्ये कटिंगनंतर मसाज करताना मान दुखली होती, तेव्हा वाटलं उशी चुकली असेल. रुबेलात गाठी अशाच येतात, पुरळाच्या काही दिवस आधी, आणि पुरळ गेल्यावरही आठवडाभर, कधी त्याहून जास्त, रेंगाळतात.

गोवर नाही, हे ठरवायला वेळ लागला नाही. गोवरात माणूस आडवा होतो. ताप १०३-१०४ पर्यंत चढतो, पुरळाच्या आधी तीन-चार दिवस खोकला, सर्दी, डोळ्यांतून पाणी असं सगळं चालू असतं, गालाच्या आत मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात, आणि पुरळ लालभडक होऊन एकमेकांत मिसळतं. हा गडी रंगपंचमीला दुपारभर शनी चौकात होता आणि रहाडीत दोनदा धप्पा मारून आला होता. डेंगी मनात होताच, म्हणून रक्तातल्या पेशी पाहिल्या. पांढऱ्या थोड्या कमी, प्लेटलेट ठीक. बोटांची पेरं आखडली आहेत, असंही तो जाता जाता बोलला. मोठ्या माणसांत, त्यातही बायकांत, रुबेला सांध्यांना धरतो. बाधा झालेल्या दहा प्रौढ स्त्रियांपैकी सातांपर्यंत सांधेदुखी दिसते आणि आपल्याकडे तिच्यावर सरसकट चिकुनगुनियाचा शिक्का बसतो.

या आजाराला जुनी माणसं 'जर्मन गोवर' म्हणत. गोवराशी त्याचं विषाणूचं नातं नाही, फक्त दिसण्याचं आहे. जर्मन डॉक्टरांनी तो आधी वेगळा ओळखला म्हणून ते नाव पडलं. तीन दिवसांत पुरळ जातं म्हणून त्याला 'तीन दिवसांचा गोवर' असंही म्हणतात. चारपैकी एकाला ते दोनपैकी एकाला, म्हणजे २५ ते ५० टक्के लोकांना, तो होऊन जातो आणि कळतही नाही. मेंदूला सूज येणं सहा हजारांत एखाद्याला, प्लेटलेट धोकादायक घसरणं तीन हजारांत एखाद्याला. ज्याला होतो त्याच्यापुरतं पाहिलं तर साध्या सर्दी-पडशाच्या पंक्तीतलं दुखणं. औषध नाही, लागतही नाही. तापाला पॅरासिटामॉल आणि घरी विश्रांती, बस.

मग मी खुर्चीत सरसावून का बसलो?

काकू गप्प झाल्या

"घरात कोणी गरोदर आहे का?"

"नाही सर," तो पटकन म्हणाला.

काकूंनी मात्र माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. मग मुलाला म्हणाल्या, "तू जरा बाहेर बस बरं." दार लागल्यावर हळू आवाजात बोलल्या, "डॉक्टर, थोरल्या सुनेला दिवस गेलेत. दोन महिने होऊन गेले. याला नाही सांगितलं अजून. तिसरा संपेपर्यंत कुणाला सांगायचं नसतं ना."

ही आपल्या घराघरातली रीत आहे आणि तिच्यामागचं शहाणपण मला मान्य आहे. पहिल्या तिमाहीत काही बिनसलं तर गावभर उत्तरं देत बसायला नको. पण रुबेलाचा विषाणू गर्भाला सर्वांत जास्त इजा करतो तोही नेमका याच १२ आठवड्यांत, बाळाचे डोळे, हृदय, कान घडत असताना. या काळात आईला रुबेला झाला तर बाळाला जन्मजात दोष येण्याची शक्यता ८० ते ९० टक्क्यांपर्यंत जाते. पुढच्या महिन्याभरात ती बरीच उतरते आणि २० आठवड्यांनंतर दोष क्वचितच आढळतो. म्हणजे ज्या दिवसांत बाईला सर्वाधिक जपायला हवं, त्या दिवसांत तिला जपायचं आहे हे घरातल्या माणसांनाच ठाऊक नसतं. दीर वहिनीच्या हातचा चहा घेतो, तिच्यासमोर शिंकतो, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो.

दुसरी गोम संसर्गाच्या काळाची. रुबेलाचा रुग्ण पुरळ उठण्याच्या सुमारे सात दिवस आधीपासून पुरळानंतर सात दिवसांपर्यंत विषाणू पसरवतो, खोकल्या-शिंकण्यातून, बोलताना उडणाऱ्या थेंबांतून. म्हणजे काकूंनी मला रविवारी फोन केला तेव्हा वहिनीचा आठवडाभर संपर्क होऊन गेलेला होता. त्याला आता वेगळ्या खोलीत ठेवणं हे घोडं पळाल्यावर तबेल्याला कडी घालण्यासारखं, तरीही ठेवायचंच, कारण अजून पाच-सहा दिवस बाकी होते. कामावर जायचं नाही, हेही सांगितलं. त्यावर तो वैतागला. रजा नव्हती.

काकूंचा लगेच पुढचा प्रश्न, "हिला माहेरी ओझरला पाठवू का?" मनात येणं साहजिक होतं. पण तिला आधीच बाधा झाली असेल तर विषाणू ती ओझरला घेऊन जाणार, आणि तिथे शेजारी कोणाची तरी लेक पहिल्या बाळंतपणाला आलेली असणार. अहवाल येईपर्यंत जागेवर थांबायला सांगितलं.

महापालिकेच्या आरोग्य विभागाला त्याच रात्री कळवलं. ताप आणि पुरळ दिसलेला प्रत्येक रुग्ण कळवायचा असतो, मग तो गोवर असो की रुबेला. अनेक दवाखाने हे करत नाहीत, कारण "साधं व्हायरल आहे". दुसऱ्या दिवशी पथक आलं, त्याचं रक्त घेतलं, गल्लीतल्या लहान मुलांची लसीकरण कार्डं पाहिली. रोगाचा माग काढायचा म्हणून मीही त्याला विचारलं, की दोन-तीन आठवड्यांपूर्वी आजूबाजूला कोणाला असं काही झालं होतं का. संसर्गापासून पुरळापर्यंत १४ ते २१ दिवस जातात, म्हणून तेवढं मागे जायचं. बराच विचार करून त्याला शेजारच्या मशिनवरचा एक जण आठवला. अंगावर लाल उठलं होतं, "उष्णता झाली" म्हणून तो सब्जा पीत होता आणि एकही दिवस रजा न घेता कामावर येत होता. त्याची बायको गावी होती. ती गरोदर होती का, हे याला माहीत नव्हतं. ती माहिती मी पथकाला दिली. पुढचं मला कळलं नाही.

मंगळवारचं रक्त

वहिनी मंगळवारी आली. वय २६, पहिलीच वेळ, सोनोग्राफीप्रमाणे ९ आठवडे २ दिवस. ताप नाही, पुरळ नाही, गाठी नाहीत. लहानपणी कोणत्या लशी घेतल्या, ते आठवत नव्हतं. कोणाला आठवतं? "आईनं कार्ड जपून ठेवलं असेल," एवढंच म्हणाली.

मी चिठ्ठीवर एकच तपासणी लिहिली, रुबेला आयजीजी, आणि खाली एक ओळ, की उरलेलं रक्तद्रव्य गोठवून जपून ठेवावं. त्यामागचं गणित असं. रक्तातली आयजीजी प्रतिपिंडं म्हणजे जुन्या ओळखीची साक्ष. विषाणूशी पहिली गाठ पडली की ती तयार व्हायला निदान दोन आठवडे लागतात. दिराचा विषाणू घरात फिरायला लागून मंगळवारपर्यंत जास्तीत जास्त नऊ दिवस झालेले. म्हणून त्या दिवशी आयजीजी सापडलं, तर ते या दिराकडून आलेलं असूच शकत नाही, ते आधीचं आहे. आणखी आठ दिवस उशीर झाला असता, तर याच 'पॉझिटिव्ह'चा अर्थ लावणं अवघड झालं असतं. संपर्कानंतर पहिलं रक्त लवकर घ्यायचं ते याचसाठी.

इथपर्यंत सरळ होतं. पण थोरल्या मुलाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, कोणीतरी सुचवलं की एवढं रक्त काढताच आहात तर 'टॉर्च' पॅकेज, म्हणजे बाळाला बाधू शकणाऱ्या अनेक संसर्गांच्या एकत्र तपासण्या, करून घ्या, सगळंच कळेल. माणूस घाबरलेला असला की 'सगळंच कळेल' या शब्दांना फार भाव येतो. त्यानं माझी चिठ्ठी बाजूला ठेवून पॅकेज केलं. त्यात आयजीजीबरोबर रुबेला आयजीएमही होतं.

बुधवारी रात्री अहवाल आला. आयजीजी पॉझिटिव्ह, संरक्षणासाठी धरल्या जाणाऱ्या १० एककांच्या पातळीपेक्षा चांगलंच वर. आयजीएम: सीमारेषेवर.

तो अहवाल माझ्याकडे येण्याआधी घरच्यांनी दुसरीकडे दाखवला होता. तिथून फोनवर सल्ला मिळाला, "पहिलंच आहे, वय लहान आहे, रिस्क कशाला घेता? मोकळं करून घ्या, पुढच्या वर्षी बघू." गुरुवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी ते नवरा-बायको पायरीवर बसलेले होते. ती रडून रडून थकलेली. तिनं एकच विचारलं, "सर, करायचं असेल तर लवकर करायला हवं ना?"

आयजीएम नव्या संसर्गात वर येतं, हे खरं. पण ते आळशी आणि चहाडखोर दोन्ही आहे. खऱ्या रुग्णात पुरळाच्या पहिल्या दिवशी निम्म्या जणांत ते सापडतच नाही. तिच्या दिराचंच पाहा. मंगळवारचं रक्त निगेटिव्ह आलं आणि शनिवारी पुन्हा घेतलेलं पॉझिटिव्ह. उलट ज्याला रुबेला झालेलाच नाही, त्याच्यातही दुसऱ्या एखाद्या विषाणूमुळे, संधिवाताच्या घटकामुळे, तर कधी नुसत्या गरोदरपणात ते खोटं वर येतं. लक्षण नसलेल्या बाईत सीमारेषेवरच्या एका आयजीएमवरून गर्भपाताचा निर्णय घेणं म्हणजे शेजाऱ्यानं दूरवर धूर पाहिला म्हणून आपलं घर पाडणं. टॉर्च पॅकेज ऊठसूट करायला माझा विरोध आहे तो त्याच्या किमतीसाठी नाही. असे कागद हातात आले की कोणीतरी त्यांवर कृती करतं, म्हणून आहे.

तरीही एक शंका शिल्लक होती आणि ती मी त्यांच्यापासून लपवली नाही. दिराकडून नाही, पण गेल्या महिन्या-दोन महिन्यांत तिला बाहेरून कुठून तरी रुबेला होऊन गेला असेल तर? निम्म्यांपर्यंत लोकांना लक्षणं नसतात, हे मीच वर लिहिलंय. तसं असतं तर आयजीजीही सापडलं असतं आणि आयजीएमही. या शंकेचं उत्तर देणारी एक तपासणी आहे, अ‍ॅव्हिडिटी. प्रतिपिंडांची विषाणूवरची पकड किती घट्ट आहे, ते ती मोजते. नवी प्रतिपिंडं सैल धरतात, काही महिने मुरलेली घट्ट. पकड घट्ट निघाली, तर संसर्ग निदान तीन-चार महिन्यांपूर्वीचा, म्हणजे गर्भ राहण्याच्या आधीचा. नमुना मुंबईला पाठवला. शिवाय तीन आठवड्यांनी दुसरं रक्त घेऊन, जपून ठेवलेल्या पहिल्या रक्तद्रव्याबरोबर एकाच प्रयोगशाळेत एकाच वेळी आयजीजी मोजायचं ठरलं. दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही.

पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत काकू दोनदा येऊन गेल्या आणि दोन्ही वेळा धाकट्याबद्दल बोलल्या. त्याला आता कळलं होतं आणि तो जेवत नव्हता.

आयजीजी नसतं तर

हा भाग प्रत्यक्षात घडला नाही, पण त्या गुरुवारी मी त्यांना तो सांगितला. त्यांनी विचारलं म्हणून.

आयजीजी निगेटिव्ह आलं असतं, तर आमच्या हातात वाट पाहण्यापलीकडे काहीही नव्हतं. गरोदरपणात रुबेलाची लस देत नाहीत, कारण ती जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. संपर्कानंतर दिलेल्या लशीनं किंवा इम्युनोग्लोब्युलिनच्या, म्हणजे तयार प्रतिपिंडांच्या, इंजेक्शननं गर्भ खात्रीनं वाचत नाही. दर काही दिवसांनी रक्त तपासत राहायचं आणि आयजीजी उगवलं तर गर्भजलाची तपासणी, तज्ज्ञांचा सल्ला, आणि त्या दोघांचा निर्णय. २०२१च्या दुरुस्तीनंतरचा आपला गर्भपात कायदा अशा वेळी वाट ठेवतो, पण ती वाट कोणी हौसेनं चालत नाही.

रुबेला बाळाला काय करतो हे जगाला कळलं, ते एका डोळ्यांच्या डॉक्टरच्या वेटिंग रूममुळे. १९४१ साली सिडनीत नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मजात मोतीबिंदूची तान्ही बाळं एकामागून एक येऊ लागली. बाहेर बसलेल्या आया आपसात बोलत होत्या, की गरोदरपणाच्या सुरुवातीला आपल्याला जर्मन गोवर झाला होता. ग्रेग यांनी ते ऐकलं, सहकाऱ्यांकडची बाळं मिळून ७८ जणांची माहिती जमवली आणि छापली. तोवर रुबेला म्हणजे किरकोळ दुखणं, अशीच समजूत होती. मोतीबिंदू, हृदयाचे दोष आणि बहिरेपणा हे त्या आजाराचं त्रिकूट. बहिरेपणा सगळ्यांत जास्त आढळतो आणि सगळ्यांत उशिरा ध्यानात येतो. १९६४-६५च्या साथीत एकट्या अमेरिकेत अशी सुमारे २० हजार बाळं जन्मली. लशीसाठीची धडपड त्यातून वेगानं झाली आणि पहिली लस १९६९ साली आली. आज जगभर बहुतेक ठिकाणी वापरतात तो आरए २७/३ हा लस-विषाणू स्टॅन्ली प्लॉटकिन यांनी तयार केलेला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या गोवर-रुबेला लशीतही तोच आहे.

कार्ड

अ‍ॅव्हिडिटी उच्च आली. घट्ट पकड, जुनं संरक्षण. तीन आठवड्यांनंतरच्या जोडरक्तात आयजीजी होतं तिथेच होतं.

अ‍ॅव्हिडिटीचा अहवाल आला त्याच दिवशी दुपारी तिची आई ओझरहून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड घेऊन आली. १९९९ साली, ती सव्वा वर्षाची असताना, टाऊनशिपजवळच्या एका बालरोगतज्ज्ञांकडे दिलेल्या 'एमएमआर' लशीची नोंद त्यावर होती. म्हणजे गोवर, गालगुंड, रुबेला. ही लस तेव्हा सरकारी वेळापत्रकात नव्हती, पैसे मोजून खासगीत घ्यावी लागे. तिच्या आईला ती कशाची, हे आठवत नव्हतं. "डॉक्टरांनी सांगितली म्हणून घेतली," असं त्या म्हणाल्या. कार्ड आधी मिळालं असतं तरी एका डोसच्या नोंदीवर विसंबून मी रक्त तपासायचं टाळलं नसतं. पण गुरुवारची ती सकाळ बरीच हलकी झाली असती.

त्या घरातल्या चार तरुण माणसांकडे बघितलं की आपल्या राज्याचा सगळा लसीकरणाचा इतिहास डोळ्यांपुढे उभा राहतो. थोरला ३० वर्षांचा आणि धाकटा २७ वर्षांचा. दोघांचं लसीकरण सरकारी दवाखान्यात वेळच्या वेळी झालेलं, काकूंनी एकही चुकवली नव्हती. पण तेव्हा सरकारी कार्यक्रमात होती ती नुसती गोवराची लस, रुबेला त्यात नव्हताच. गोवराच्या लशीनं रुबेला टळत नाही. सून खासगी एमएमआरमुळे सुरक्षित. आणि शेंडेफळ, म्हणजे तिची १९ वर्षांची नणंद, रुबेलाच्या रुग्णाबरोबर एका घरात, एका टीव्हीसमोर बसूनही धडधाकट राहिली. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ला गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली, तेव्हा ती आठवीत होती. शाळेत रांगेत उभं राहून टोचून घेतल्याचं, अंगठ्यावर शाईची खूण केल्याचं तिला चांगलं आठवत होतं. त्या वेळी व्हॉट्सॲपवर 'या लशीनं पुढे मुलं होत नाहीत' असल्या अफवांचा पूर आला होता आणि तिच्या वर्गातल्या काही मुलींच्या घरून त्या दिवशी शाळेतच पाठवलं नव्हतं. मुलं नीट व्हावीत म्हणून काढलेल्या लशीबद्दल ही अफवा.

ती मोहीम ९ महिने ते १५ वर्षांच्या सगळ्यांसाठी होती, मुलींसाठी आणि मुलांसाठीही. मुलांना कशाला, हा प्रश्न मला अनेक पालकांनी विचारला आहे. त्याचं उत्तर जपाननं महागात शिकून दिलंय. तिथे १९७७ पासून अनेक वर्षं फक्त शाळकरी मुलींना लस दिली. मुलगे मोठे झाले, नोकरीला लागले, आणि २०१२-१३ साली कार्यालयांतून, लोकलमधून साथ फिरली. २०१३ या एका वर्षात १४ हजारांहून अधिक रुग्ण, बहुतांश प्रौढ पुरुष, आणि त्या साथीतून ४५ बाळं जन्मजात रुबेलाची. अंबडच्या मशिनवर सब्जा पिणारा आणि त्याच्या शेजारचा आमचा धाकटा, दोघंही त्याच गोष्टीतले. उलट बाजूनं ग्रीसचा अनुभव. तिथे लस अर्धवट लोकांना मिळाली. विषाणू कमी फिरू लागल्यानं उरलेल्या मुलींना तो लहानपणी गाठेना, मोठेपणी, गरोदरपणात गाठू लागला आणि १९९३ साली जन्मजात रुबेलाची बाळं वाढली. लस द्यायची तर जवळजवळ सगळ्यांना, ही अट त्यातून आली.

लस स्वतः मात्र चोख आहे. एका डोसनंतर ९५ टक्क्यांहून अधिक लोकांत प्रतिपिंडं तयार होतात आणि प्रत्यक्ष आजारापासूनचं संरक्षण ९७ टक्क्यांच्या आसपास मोजलं गेलं आहे. ते वर्षानुवर्षं टिकतं, बहुधा आयुष्यभर. आपल्याकडे बाळाला ९ ते १२ महिन्यांदरम्यान एक आणि १६ ते २४ महिन्यांदरम्यान दुसरा असे गोवर-रुबेलाचे दोन डोस देतात. दुसरा मुख्यतः गोवरासाठी, कारण नऊ महिन्यांच्या वयात एका डोसनं गोवराचं काम पुरतं होत नाही. रुबेलाला पहिलाच सहसा पुरतो. लशीनंतर थोडा ताप, कधी हलकं पुरळ येतं. मोठ्या बायकांत चौघींपैकी एकीला काही दिवस सांधे दुखतात. लस घेतल्यावर महिनाभर गर्भ राहू द्यायचा नाही. नकळत राहिलाच तर घाबरून गर्भपात करू नये, कारण लशीतल्या विषाणूनं बाळाला जन्मजात रुबेला झाल्याचं आढळलेलं नाही. अंगावर पाजणारी बाई लस घेऊ शकते.

थोरल्याचं रक्त मी तपासलं. आयजीजी निगेटिव्ह. म्हणजे त्यालाही संरक्षण नव्हतंच, आणि भावाकडून त्याला बाधा झाली असती तर घरातला विषाणू आणखी तीन आठवडे मुक्कामाला राहिला असता. "घरात ही अशी असताना मी जिवंत विषाणूची लस कशी घेऊ?" असं त्यानं विचारलं. प्रश्न योग्य होता. पण लस घेतलेल्या माणसाकडून गरोदर बाईला रुबेला होत नाही, म्हणून घरच्यांना लस द्यायला हरकत नसते. त्यानं घेतली. झालेल्या संपर्कावर तिचा उपयोग होईल, अशी ग्वाही मी दिली नव्हती. तीन आठवडे लक्ष ठेवलं, त्याला काही झालं नाही.

पुढे

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत सगळं ठीक होतं. तिनं फोन करून पहिला शब्द 'हृदय' काढला आणि मग बाकीचं सांगितलं. बाळ दिवाळीत झालं, मुलगी. डोळे स्वच्छ, कानांची तपासणी पहिल्याच दिवसांत करून घेतली, तीही व्यवस्थित. ऑगस्ट २०२५मध्ये, नऊ महिने पूर्ण झाल्यावर, तिला गोवर-रुबेलाचा पहिला डोस उजव्या दंडावर दिला गेला. काकांनी मांडीवर धरलं होतं, कारण आईला सुई बघवत नव्हती.

माझ्याकडे केसपेपरवर एक बदल झाला आहे. पुरळाचा कोणताही पेशंट आला की घरात कोणी गरोदर आहे का, हा प्रश्न मी आता त्याला विचारत नाही, घरातल्या मोठ्या बाईला विचारतो, आणि तोही त्याला बाहेर बसवून. लग्न ठरलेली मुलगी सर्दी-खोकल्यासाठी आली तरी लहानपणीचं कार्ड मागतो. दहापैकी आठ जणींकडे ते नसतं. मग आयजीजी तपासायचं, नसेल तर एमएमआर, आणि महिनाभर थांबायचं. काही आया नाराज होतात, लग्नाआधीच असलं काय विचारता म्हणून.

नणंदेचं लग्न या वर्षी ठरलं. तिनं कार्ड आणलं नाही, २०१८च्या मोहिमेचं तिच्याकडे काही शिल्लक नव्हतं. रक्त तपासलं, आयजीजी भरपूर निघालं. जाताना तिनं विचारलं, "होणाऱ्यांचं पण बघायचं का?"

त्याचं वय २९. बघायचं म्हणालो.